तीन हजार खुणा

"हात लावू नकोस," ती म्हणाली. चौदा महिन्यांत कॉम्प्युटरबद्दल तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

मास्तरांनी हात मागे घेतला. रविवारची दुपार होती. स्क्रीनभर लाल रंग पसरला होता आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत दमदाटी होती: तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं आहे, सहा दिवसांत पैसे भरा, नाहीतर विसरा.

तिने आधी इंटरनेटची वायर उपटली, मग बटण दाबून धरून मशीन बंद केलं.

"खुणांचे व्हिडिओ यातच?"

"यातच."

"दुसरीकडे कुठेच नाहीत?"

मास्तर खिडकीकडे वळले. "करू करू म्हणत राहिलो," ते म्हणाले.

मास्तर कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायचे. अकरा वर्षं प्रत्येक सुट्टीत त्यांनी एकेका खुणेचा व्हिडिओ केला होता. 'आजी', 'भागाकार', 'मला कंटाळा आलाय'. तीन हजारांवर खुणा झाल्या होत्या. हातांनी बोलायचा हा शब्दकोश पुढच्या महिन्यात बाकीच्या शाळांना जायचा होता.

त्यांची बायको एका मोठ्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची. चौदा महिन्यांपूर्वी एके दिवशी तिथे तीनशे मशीनवर अशीच लाल स्क्रीन आली. पेशंटचे रिपोर्ट गेले ते गेलेच. चौकशीत तिच्यावर ठपका आला नाही, पण तिने स्वतःच स्वतःवर ठेवला आणि नोकरी सोडली. तेव्हापासून ती दुपारभर बाल्कनीत बसून असायची. जुने साहेब दोनदा घरी येऊन गेले. ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

"दुकानात टाकू या का?" मास्तरांनी विचारलं.

"दुकानवाला डिस्क पुसून देईल आणि म्हणेल, घ्या, नव्यासारखं झालं."

"मग तू बघ."

"मला नाही जमायचं आता."

"बरं. राहू दे मग," असं म्हणून मास्तर भांडी घासायला गेले.

तीन-चार भांडी झाली असतील, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवतोस तू?"

सोमवारी ती स्वतः बाजारात जाऊन कोरी डिस्क घेऊन आली. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून घेतली आणि मूळ डिस्क कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. "मूळ मालावर प्रयोग करायचे नसतात," तिने सांगितलं. जेवताना ती आणखी बरंच बोलली. त्यातलं निम्मं मास्तरांना कळलं नाही, पण त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

मंगळवारी मात्र गाडी अडली. कुलपाची किल्ली मिळण्यासारखी नव्हती. मास्तर शाळेतून आले तेव्हा ती अंधारत्या खोलीत दिवा न लावता बसली होती.

"हॉस्पिटलमध्येही इथपर्यंतच आले होते," ती म्हणाली. "मुलांना काय सांगशील?"

"उद्याचा दिवस तर जाऊ दे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दिवा लावला.

बुधवारी सकाळी दात घासता घासता ती थांबली. ब्रश तोंडात तसाच ठेवून टेबलाशी आली.

हा व्हायरस मूळ फाइलला कुलूप लावतच नव्हता. तो तिची कुलूपबंद नक्कल करायचा आणि मूळ फाइल फेकून द्यायचा. फेकलेली फाइल नावापुरती जाते. त्या जागेवर नवं काही लिहिलं जात नाही तोवर ती डिस्कवर पडून असते. हॉस्पिटलमध्ये लोक अर्धा दिवस त्याच मशीनवर काम करत राहिले होते, त्यामुळे जागा भरून गेल्या. इथे मशीन वेळेत बंद झालं होतं.

तिने कुलपाचा नाद सोडला आणि फेकलेल्या फायली वेचायला घेतल्या.

अकराच्या सुमारास पहिला व्हिडिओ उघडला. चौकड्यांच्या शर्टातले, अंगाने बारीक, अकरा वर्षांपूर्वीचे मास्तर गंभीर चेहऱ्याने 'भागाकार' करून दाखवत होते. ती एकटीच मोठ्याने हसली. मग रडली. मग पुन्हा कामाला लागली.

संध्याकाळपर्यंत चौदा खुणा सोडून सगळ्या परत आल्या, पण एकीलाही नाव उरलं नव्हतं. दोघं शेजारी खुर्च्या टाकून बसले. ती व्हिडिओ लावायची, मास्तर खूण ओळखायचे, ती नाव टाकायची. शेवटी शेवटी तीच आधी ओळखायला लागली.

"मला कंटाळा आलाय," ती म्हणाली.

"दमलीस? थांबू या का?"

"अरे, ही खूण म्हणतेय मी."

उरलेली नावं रोज थोडी थोडी टाकायची ठरली. तिने घरची डिस्क पुसून सगळं नव्याने बसवलं आणि झाडून सगळे पासवर्ड बदलले. खुर्ची मागे सरकवून तिने हात वर ताणले, कुस्ती मारलेल्या पैलवानासारखे.

गुरुवारी सकाळी तिने जुन्या साहेबांना फोन लावला.

"ती जागा अजून रिकामी आहे का? ... नाही, मी ठीक आहे. त्या दिवशी आपलं कुठे चुकलं ते कळलंय मला. ... सोमवारी कशाला? आजच येते."

मास्तर जिन्यापर्यंत सोडायला गेले. ती दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली. तिचा आवाज रस्त्यावर रिक्षा थांबवेपर्यंत ते तिथेच उभे होते.

मग ते शाळेत गेले आणि थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरले. बाईंनी मान वर केली.

"गेली कामावर?"

"गेली."

बाईंनी खण उघडून एक लिफाफा त्यांच्यापुढे सरकवला. "ही घ्या तुमची शनिवारची डिस्क. तीन हजार खुणा, एकही कमी नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता."

मास्तरांनी लिफाफा पिशवीत टाकला. मग खिशातून कागदात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"आणि हा आपल्या लॅबमधला, व्हायरसवाला," ते म्हणाले. "आता तोडून टाका. घरच्या कॉम्प्युटरला लावताना माझा हात तीनदा मागे आला होता."