यादीतली दुरुस्ती

नव्व्याण्णव साली धरणाच्या कचेरीत संगणक आला आणि पाणी सोडण्याआधी ज्या गावांना फोन करायचा, त्यांची यादी त्यावर चढली. यादी कचेरीतल्या कारकून आम्रपालीनेच तयार केली. पण तिच्यात दुरुस्ती करायचं पान वेगळं होतं, आणि त्या पानाची लिंक फक्त साहेबांना दिसायची. हुकूमच तसा होता.

"पोरी, पंचायतीचा फोन सहा आकडी झालाय. सायबास्नी सांगितलंस न्हवं?" नदीकाठच्या गावात कोतवाल असलेले तिचे वडील, राजारामआण्णा, दर रविवारी विचारायचे.

"लय येळा सांगितलं, आण्णा."

साहेबांचं उत्तर ठरलेलं असे. "कांबळेबाई, बघू की सवडीनं. तुम्हाला लिंक दिली, तर उद्या शिपाईही मागेल." तिने नवा नंबर चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवला, तर तीही त्यांनी काढायला लावली.

ऑगस्टात ती रजेवर असताना धरणाचे दरवाजे उघडले. फोन जुन्याच नंबरावर वाजत राहिला. आण्णा तेव्हा नदीत उतरून पंचायतीची मोटर वर काढत होते.

आण्णांच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून ती कामावर आली. साहेब मान खाली घालून म्हणाले, "तुमच्या नावाला लिंक जोडलीय. आता दुरुस्ती तुम्हीच करत जा."

तिने पान उघडलं. नंबर साहेबांनी आधीच बदलून ठेवला होता. तिच्यासाठी एकच दुरुस्ती उरली होती. गावात निरोप कोणाला द्यायचा, त्या रकान्यातलं वडिलांचं नाव काढायची.