मागे राहिलेला आचारी

मालकाने परक्या बंदरात जहाज वाऱ्यावर सोडलं, तसे खलाशी एकेक करून घरी गेले. पण बंदराचा नियम असा, की जहाजावर एक तरी माणूस हवाच. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात नाव निघालं आचाऱ्याचं. त्याला आता दीड वर्ष झालं. अकरा जणांच्या पातेल्यात तो रोज आपल्यापुरते मूठभर तांदूळ शिजवी.

पिण्याचं पाणी आणणाऱ्या होडीवाल्याला त्या दुपारी त्याची दया आली. "घरी बोलून घे," म्हणत त्याने आपला फोन पुढे केला. चार महिन्यांनंतर आचाऱ्याने पुन्हा घरचा नंबर लावला.

फोन लेकीने उचलला.

"बाळा, कशी आहेस?"

"बरी आहे. आपण कोण बोलताय?"

"अगं, बाबा बोलतोय."

ती हसली आणि जरा ओशाळून म्हणाली, "काका, तुमचा नंबर चुकला असेल. माझे बाबा घरीच आहेत. मागच्या महिन्यातच आले जहाजावरून."

पोर रुसलीय, म्हणून चेष्टा करतेय, असं त्याला वाटलं. "आईला दे बघू," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. ती कुणाला तरी म्हणत होती, "अहो, पान वाढलंय, चला."

"हे बघा, बाबाच आले. त्यांनाच देते," लेक म्हणाली.

फोन या हातातून त्या हातात गेला. कुणीतरी घसा खाकरला. मग आचाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, मायेने, थोड्या काळजीनेच विचारणारा:

"अरे, तू अजून तिथेच आहेस?"