वरच्या मजल्यावरची शिट्टी

बाईंनी बेलवर बोट ठेवलं आणि पुन्हा काढून घेतलं. ही तिसरी वेळ. दाराबाहेर दोरीने बांधलेली खोकी रचून ठेवली होती आणि सगळ्यात वरच्या खोक्यावर जाड अक्षरांत ‘भांडी’ऐवजी ‘भाडी’ लिहिलं होतं. एरवी बाईंनी पर्समधून पेन काढून तिथल्या तिथे अनुस्वार दिला असता. आज मात्र त्यांना स्वतःचीच चूक निस्तरायची होती. छापखान्यात, यंत्रांच्या खोलीला लागून असलेल्या टेबलावर बसून, तेहतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली. माफी मागायचा सराव शून्य.

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळी इमारत कप्तान म्हणायची. खरं तर ते बोटीवर कधीच कप्तान नव्हते. त्यांचा जन्म खाली इंजिनाच्या खोलीत गेला होता. दोन वर्षांपूर्वी बाईंना एक बारीक, चिवट शिट्टी ऐकू यायला लागली. त्यांनी फ्रीज बंद करून पाहिला, दिवे-पंखे घालवून पाहिले, शेवटी मेन स्विचच बंद केला. शिट्टी आपली चालूच. म्हणजे ती वरून येत असणार, यात शंकाच नव्हती. बाई तरातरा जिना चढून गेल्या आणि त्यांनी कप्तानांना चांगलंच फैलावर घेतलं.

दुसरा कोणी असता तर हमरीतुमरीवर आला असता. कप्तानांनी निमूटपणे ऐकून घेतलं. “बारीक शिट्टी ना? पहाटे जास्त?” असं त्यांनीच विचारलं, तेव्हा तर बाईंची खात्रीच पटली. चोर स्वतःच्या तोंडाने कबुली देतोय, आणखी काय हवं? मग बाईंनी त्यांचा पिच्छाच पुरवला. कप्तानांनी पाण्याचा पंप बदलला. पंखे बदलले. फ्रीज लेकीकडे धाडला. काही सुचेना तेव्हा खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घातले. शिट्टी काही हटेना. गेल्या आठवड्यात जिन्यात भेटले तेव्हा पडेल आवाजात म्हणाले, “बाई, मी लेकीकडे राहायला जातो. तुम्हाला तरी झोप लागेल.” उद्या सकाळी टेम्पो येणार होता.

आणि काल बाईंना त्यांच्या सुनेने कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सासूबाई टीव्ही फार मोठ्याने लावतात, एवढीच तिची तक्रार होती. बाईंनी तिथेही कप्तानांचं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, “आजी, शिट्टी वरून नाही, आतून येतेय. यंत्रांशेजारी इतकी वर्षं काढली की कान काही बारीक आवाज टिपेनासे होतात. मग मेंदू ती रिकामी जागा आपणच भरत बसतो.” घाबरण्यासारखं काही नव्हतं. शिट्टीच्या मागे लागायचं नाही, खोली अगदी चिडीचूप ठेवायची नाही, उशाशी हळू आवाजात काहीतरी लावून ठेवायचं. हळूहळू मनच तिच्याकडे लक्ष देणं सोडतं.

बाईंनी झोपताना रेडिओ हळू लावला. शिट्टी होतीच, पण रेडिओच्या मागे जाऊन बसली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या सकाळी सातपर्यंत झोपल्या. जाग आली, कप्तान आठवले आणि चहासुद्धा न घेता त्या जिना चढल्या.

शेवटी एकदाची बेल वाजली. कप्तानांनी दार उघडलं.

“या, बाई. आज जास्त येतेय का?”

“कप्तान, चूक माझी आहे,” बाई उंबरठ्यावरूनच म्हणाल्या. श्वास घ्यायला थांबल्या असत्या तर जमलं नसतं. “शिट्टी तुमच्या घरात नाहीच. ती माझ्या कानात आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. तुम्हाला मी उगीच दोन वर्षं छळलं. हवं ते बोला मला, पण घर सोडून जाऊ नका.”

कप्तानांनी मागे वळून घरभर नजर फिरवली.

“म्हणजे इथे काहीच बिघडलेलं नाही?”

“काही नाही.”

“पंपसुद्धा?”

“पंपसुद्धा.”

शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखा कप्तानांचा चेहरा खुलला. त्यांनी उभ्या उभ्याच टेम्पोवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगून टाकलं. कपबश्यांच्या खोक्याची दोरी सुटेना, तेव्हा सरळ दातांनी तोडली. बाईंनी गॅसवर आधण ठेवलं. दुसऱ्याच्या हजारो चुका काढूनही त्यांना कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“आणि तो पंप हो! चांगला धडधाकट पंप भंगारात दिला मी,” कप्तान चहाचा घोट घेत म्हणाले.

“बिचारा!” बाई म्हणाल्या, आणि दोघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

हसता हसता कप्तान मध्येच थबकले. त्यांनी कप बशीत ठेवला. मान जरा तिरकी करून, भुवया उंचावून ते क्षणभर कानोसा घेत राहिले.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “मग ती मला कशी ऐकू येते?”