सावरीची उशी

बाल्तसारने खून पत्करला तर तेम्योंगच्या पदरात काय पडणार, हे सहा नंबरच्या कोठडीतल्या एकशे तीस जणांनी आपापल्या परीने मोजून ठेवलं होतं. वाढीव वीस वर्षं टळणार. एकांतकोठडी टळणार. वर बाल्तसार जन्मभर शेजारी, त्याच चटईवर.

"लग्न करूनसुद्धा एवढं मिळत नाही," कोणीतरी म्हणालं, आणि दोन दिवसांत कोठडी पहिल्यांदा हसली.

दोन दिवसांपूर्वी कुलास न्हाणीत मरून पडला होता. बरगडीत चमच्याचा घासून टोकदार केलेला दांडा. तो कोणी खुपसला हे कोठडीला ठाऊक होतं. का, हे कोणालाच नाही. पहारेकऱ्यांना दोन्हीशी कर्तव्य नव्हतं. त्यांना आज सकाळच्या मोजणीला एक नाव हवं होतं. नाही तर भेटी बंद, आणि कोठडी फोडून माणसं सात बेटांवरच्या सात तुरुंगांत.

अशा वेळची रीत ठरलेली होती. खून कोणीही करो, पत्करायचा तो ज्याची शिक्षा सर्वांत लांब त्याने. घमेलंभर भातात आणखी चार शितं, त्याला काय जड? बाल्तसारला जन्मठेप होती. त्यातली अठरा वर्षं झाली होती. न केलेल्या खुनाची शिक्षा, असं तो म्हणायचा. पण तसं इथे सगळेच म्हणतात.

"माझं नाव घाला, महापौर," तो म्हणाला. महापौर म्हणजे म्हातारा देन्सियो. कैदीच, पण कोठडीत शब्द त्याचा.

"नीट विचार केलास का?"

"त्यात विचार कसला? बाहेर माझं आहे कोण? घर वादळात गेलं, माणसांसकट. या पोराला कशाला सडवायचं?"

"पोर चाळिशीचं आहे. टक्कल पडलंय त्याला."

तेम्योंग भिंतीला टेकून ऐकत होता. मांडीवर उशी, तिच्यावर हात. कोठडीच्या मोजणीत नसलेली एक गोष्ट त्या उशीत होती.

तो कचेरीत कैद्यांचे कागद लावायचा. मार्चमध्ये त्याच्या हाती कोर्टाचा हुकूम आला: बाल्तसार निर्दोष, सोडून द्यावे. इथे कागद दोन-दोन वर्षं उशिरा येतात. एखादा आलाच नाही तर विचारतो कोण? रविवारी सांगू म्हणून त्याने तो शर्टात सरकवला. मग पुढच्या रविवारी. शेवटी कागद उशीत गेला, आणि चार महिने तेम्योंग त्यावर डोकं ठेवून झोपला, शेजारी ज्याचा कागद तो घोरत असताना. कळलं तर बाल्तसार जाईल, आणि जाताना तोंडावर थुंकून जाईल.

कुलास कचेरीत झाडू मारायचा. त्याने आवकवहीत नोंद पाहिली. "सांगू का तुझ्या नवऱ्याला?" त्याने न्हाणीत हसत विचारलं. एवढंच बोलला बिचारा.

आता तेम्योंगला फक्त गप्प बसायचं होतं.

घंटा झाली. गजांपाशी पहारेकरी वही उघडून उभा राहिला. "नाव?"

बाल्तसारने हात वर केला. सहा वर्षं तेम्योंगच्या ताटातल्या सुक्या मासळीचे काटे त्याच हाताने काढले होते. पहारेकरी नाव लिहू लागला.

"थांबा!"

तेम्योंगने दातांनी उशी फाडली. सावरीचा कापूस उडाला आणि एकशे तीस घामेजल्या पाठींना चिकटला.

"त्याचं नाव लिहू नका. तो मार्चपासून सुटलाय. कागद मी लपवला. कुलासला मीच मारलं, त्या कागदापायी."

पहारेकऱ्याने गजांतून कागद घेतला, उलटसुलट करून वाचला. लिहिलेलं नाव खोडलं. तेम्योंगसाठी बेड्या काढल्या.

तेम्योंग थुंकी अंगावर यायची वाट पाहत राहिला. बाल्तसारने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो गुडघ्यांवर बसून कापूस गोळा करत होता.

"कशाला फाडलीस रे, वेड्या? दुसऱ्यांदा शिवली होती मी."

"दुसऱ्यांदा?"

"एप्रिलमध्ये उसवली होती. आत कागद लागला. वाचला, परत आत घातला आणि शिवून टाकली."

दुपारपर्यंत सगळं उरकलं. तेम्योंगला वीस वर्षं आणि एकांतकोठडी मिळाली. बाल्तसारला सुटका मिळाली. दोन पहारेकऱ्यांना त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढावं लागलं. कुलास मात्र फुकट मेला. जे सांगेन म्हणून त्याने धमकावलं, ते ज्याला सांगायचं त्याला एप्रिलपासून ठाऊक होतं.