शहजादची उत्तरं

शहजाद अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या प्राचीने, "भाभी, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी त्याचं निरीक्षण करू?" असं विचारलं तेव्हा त्याच्या आईने, तस्नीमने, लगेच हो म्हटलं. बालविकास शिकणारी पोरगी, तिला काहीतरी उमगेलच. आठवडाभर रोज दुपारी प्राची सतरंजीवर बसून शहजादशी खेळत होती. हिला त्याच्यात नेमकं काय दिसतंय, हे कळल्याशिवाय तस्नीमला चैन पडेना.

"काय कळलं गं?" शेवटी तिने विचारलंच.

"सांगते ना भाभी, थांबा जरा. शहजाद, बॉल कुठंय तुझा?"

"पलंगाखाली गेलाय," तस्नीम म्हणाली.

"भूक लागली का रे तुला?"

"छे, आत्ताच खिचडी भरवलीय."

"मग काय हवंय?"

"झोप आलीय त्याला. डोळे चोळतोय बघ."

प्राचीला हसू आवरेना. "भाभी, परवा सबमिशन आहे माझं, आणि सगळी उत्तरं तुमचीच! आता काय वाट्टेल ते होऊ दे, तुम्ही बोलायचं नाही."

तस्नीमने ओठ घट्ट मिटले. शहजादने माठाकडे बोट केलं. तिच्या अगदी जिभेवर आलेला शब्द तिने गिळला. त्याने पुन्हा बोट केलं, थोडा वेळ वाट पाहिली, मग गोंधळून जवळ आला आणि तिच्या ओठांवर हात ठेवला.

"अम्मी," तो म्हणाला, "बोल ना."