पहिला बाक

चर्चच्या पाळकसाहेबांनी सहा महिने जाडजूड ग्रंथ पालथे घातले होते. आज घसा सुकेपर्यंत ते मंडळीला सांगत राहिले, की पुरुषाने पुरुषाशी संग करू नये म्हणणाऱ्या बायबलातल्या वचनांचा रोख जबरदस्तीवर आणि वासनेवर आहे, एकमेकांना जन्मभर सांभाळणाऱ्या दोन पुरुषांवर नाही. मग पाहुण्यांच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या सुताराला आणि त्याच्या जोडीदाराला सभासद करून घ्यायला हरकत कसली?

वाद कडाक्याचा झाला. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने पडला. विरोधात सगळ्यात शेवटी वर गेलेला हात पाळकीणबाईंचा होता.

घरात पाऊल टाकताच पाळकसाहेब भडकले. "माझी बायको असून? कुठल्या वचनावर अडलीस, सांग. मी समजावतो."

"वचनं तुमची तुम्हाला लखलाभ," कोट खुंटीला अडकवत बाई म्हणाल्या. "त्या सुताराला बारीक अक्षर दिसत नाही. दुसरा त्याला अख्खं स्तोत्र कानाशी हळूहळू वाचून दाखवतो. मध्येच त्याचा चष्मा काढून स्वतःच्या सदऱ्याला पुसतो. मागे वळले की दिसतं मला, दर रविवारी."

"अगं, तेच तर सांगत होतो मी! त्यात पाप कसलं?"

"नाहीच पाप. पण नव्या सभासदांना तुम्ही वर्षभर पहिल्या बाकावर बसवता. तीस वर्षं तुम्ही व्यासपीठावर आणि तिथे मी तुमच्याविना एकटी बसतेय. इतक्या जवळून मला ते बघवणार नाही."