आमच्या शिवेत नको

भिमाजी आबांनी ट्रॅक्टर रस्त्यात आडवा लावला आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. समोर पिवळ्या-काळ्या खुणेची सरकारी गाडी अडली. मागं निम्मं कासुर्डी गाव उभं होतं.

"दवाखान्यांचा, कारखान्यांचा तो किरणांचा कचरा आमच्या गायरानात पुरायचं घाटतंय व्हय तुमचं?" आबा गरजले. "खोल पुरा, न्हाईतर शिमिटाच्या टाकीत कोंडा. पर तुमच्या दारात!"

हे छापून कुठंच आलं नव्हतं, पण गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडीतून अणुऊर्जा खात्याच्या गौतमी मॅडम खाली उतरल्या. वय तिशीचं, आवाज शांत. "आबा, पुरायला नाही आलो. नुसती मोजणी करायचीय. अर्धा तास."

"कसली मोजणी?"

मॅडमनी सोबतच्या साहेबाकडं पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्याच्या पाण्यानं ओढा नासला, दोन म्हशी दगावल्या, तेव्हाही असेच मोजणीवाले आले होते. बाटल्या भरून नेल्या, परत फिरकले नाहीत.

"मंग ही शिशाची पेटी कशाला आणलीय?"

"रिकामी आहे. उघडून बघा."

"आज रिकामी. उद्या भरून आणाल!"

आबांनी बोट रोखलं. त्याला फडकं बांधलेलं होतं. गुऱ्हाळावर काहिलीचा चटका बसला, असं ते चार दिवस सांगत होते. कधी बसला, ते मात्र त्यांना आठवत नव्हतं.

"घरात नऊ वर्सांनी पाळणा हाललाय, बाई. आज नातीचं बारसं हाय. ती ज्या मातीत रांगणार, तिच्यात इख कालवू देऊ व्हय?"

इतक्यात साहेबाच्या हातातलं मीटर टिकटिकायला लागलं. साहेब आबांच्या गल्लीकडं दोन पावलं सरकला, तशी टिकटिक वाढली. आबांचा तोल गेला. त्यांनी मीटर हिसकावलं आणि ट्रॅक्टरच्या चाकावर आपटलं. काचेचा चुरा झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"आता लिहून द्या. हितं काय बी ठेवणार न्हाई म्हून."

मॅडमनी बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं, सही केली. गाव जिंकलं. आबांची कारभारीण, दगडाबाई, बारशाच्या घुगऱ्यांची पाटी घेऊन आल्या आणि ज्याच्या त्याच्या ओंजळीत घालू लागल्या. राग असला तरी पाहुणीला वगळायचं नाही, म्हणून मॅडमच्याही पुढं पाटी धरली.

मॅडमनी हात पुढं केला नाही. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

"मॅडम, वरून हुकूम आहे," साहेब पुटपुटला.

"खड्ड्यात गेला हुकूम!" त्या आबांकडं वळल्या. "गावात घबराट होईल म्हणून आम्हाला बोलू दिलं नाही. गेल्या सोमवारी पाइपलाइनचे सांधे तपासणाऱ्या गाडीतून तुमच्या फाट्यावर एक तुकडा पडलाय. बोटाएवढा, चकचकीत पोलादी. त्यातनं किरण निघतात. नुसता हातात धरला तरी कातडी जळते. तो न्यायला आलो होतो आम्ही. कुणाला सापडलाय का?"

आबांच्या ओंजळीतल्या घुगऱ्या खाली सांडल्या.

"आगं बाई, त्यो व्हय?" दगडाबाई हसून म्हणाल्या. "ह्यांनीच आणलाय की. लोखंड जवळ असलं म्हंजी दिष्ट लागत न्हाई, म्हून म्या बाळाच्या उशाखाली ठिवलाय."